कपाटातल्या रमचा मामला

१

रमच्या बाटलीचं सील तुटलं होतं, आणि आतली रम बाटलीच्या खांद्याखाली उतरली होती.

दुसऱ्या कुठल्या घरात एवढ्याशा गोष्टीचा बोभाटा झाला नसता. पण मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडं, त्या पत्र्याच्या गेटाआड राहणारे सगळे माजी फौजी होते, आणि सगळ्यांनाच दारूनं खाल्लेलं होतं. पाटीवर व्यसनमुक्ती संस्थेचं नाव लांबलचक होतं; कुणी ते शेवटापर्यंत वाचलेलं नव्हतं. राहणारे तिला ‘वर्कशॉप’ म्हणायचे. बिघडलेली गाडी जिथं पाठवतात, ते ठिकाण.

बाटली तिथं मुद्दाम ठेवलेली होती. सुभेदार पुंजाराम यांनी संस्था काढली तेव्हा हॉलमधल्या काचेच्या कपाटात कँटीनच्या रमची एक सीलबंद बाटली उभी केली. “दुश्मन समोर दिसलेला बरा,” असं त्यांचं म्हणणं. कपाटाला कुलूप नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, “कुलूप घातलं तर मग भरोसा कुणावर झाला? कुलपावर.” सकाळ-संध्याकाळ हजेरीला सगळे त्या बाटलीसमोर ओळीत उभे राहत आणि आपापलं नाव सांगत. नव्या माणसाची नजर तिच्यावरून हलत नसे. जुन्याची हलायची, पण लगेच परतायची.

त्या दिवशी सर्वपित्री अमावस्या. दुपारी खीर-वडे हाणून रांग जरा सुस्तावलेलीच होती. सुभेदारांनी कपाटाकडं पाहिलं आणि हजेरी मध्येच थांबवली.

“कोण?” ते म्हणाले.

मागच्या बाजूनं फकिराचा आवाज आला, “कावळ्याला चढली असंल, साहेब. दुपारपासून एकजण समोरच्या तारेवर तिरका बसलाय.”

रांग हसली. सुभेदार हसले नाहीत. “हवालदार, उद्या सकाळच्या हजेरीला मला नाव पाहिजे. ज्यानं झाकण उघडलं त्याची पेटी गेटाबाहेर. मग तो कुणी का असेना.”

हवालदार म्हणजे बद्रीनाथ. नोकरी मिलिटरी पोलिसांत झालेली. पिणारे पकडता पकडता स्वतः पिणारा झाला, मग सुधारला, आणि आता वर्कशॉपमध्ये सुभेदारांचा उजवा हात होता. माणूस भेटला की बद्रीनाथ मनात त्याची जमा एकीकडं आणि नावे दुसरीकडं मांडून मोकळा व्हायचा. आणि त्याचं नाक. त्या नाकाचा त्याला मिशीपेक्षा जास्त अभिमान होता.

त्या नाकानं आपलं काम आधीच केलेलं होतं. ओळीतल्या तिसऱ्या माणसाच्या अंगाला रमचा वास येत होता.

तिसरा माणूस हबीब होता.

२

हबीबच का, याची बद्रीनाथला खरोखर हळहळ वाटली.

हबीब सिल्लोडचा. फौजेत ड्रायव्हर, बर्फाच्या घाटांतून ट्रक काढणारा. बर्फात अंगात ऊब राहावी म्हणून जी धरली, ती खाली सपाटीवर आल्यावरही सुटली नाही. बायको गेली, घर मोडलं, मुलगी रईसा चुलत्याच्या, जब्बारच्या घरी वाढली. आता रविवारी तिचा निकाह होता. निकाहात मुलीच्या बाजूनं जो बसतो त्याला वली म्हणतात. बाप असेल तर बापच बसतो. रईसानं निरोप धाडला होता, की सुभेदार साहेबांनी फोनवर ‘हबीब ठीक आहे’ एवढं सांगितलं, तर अब्बा बसतील. नाहीतर जब्बार चाचा.

त्या फोनवर हबीब जगत होता. सुभेदारांची जुनी जीप तो इतकी पुसायचा की फकिरा म्हणायचा, “हबीबभाई, रंग निघंल. नवरीला गाडी पाहिजे, भांडं नव्हं.”

बद्रीनाथनं चौकशीला बसायला स्वयंपाकघराबाहेरची पडवी निवडली, कारण तिथं चहा पटकन मिळतो. आधी फकिराला बोलावलं. फकिरा सिग्नलचा नाईक, तोंडानं वाईट, मनानं नाही.

“तू घेतलीस का?”

“मी घेतली असती तर तुम्हाला कळलं असतं का?” फकिरा म्हणाला. “हवालदार, हे पिणाऱ्याचं काम नाय. पिणारा जेवढी काढतो तेवढं पाणी भरतो. वर काळ्या चहाचा थेंब, रंगाला. लेवल जिथल्या तिथं. आपण सगळ्यांनी मेसमध्ये केलंय. तुम्ही नाय केलं?”

बद्रीनाथनंही केलं होतं. त्यानं ते मान्य न करता बाटली उचलून दाखवली. “आणि हे?”

झाकणाखालची पत्र्याची कडी पिळून तोडलेली नव्हती. धारेनं चरचर कापलेली होती. दोन-तीनदा घसरल्याचे ओरखडे होते.

“हात थरथरत असेल,” बद्रीनाथ म्हणाला.

“थरथरत्या हातानं बी आपण झाकण पिळतोच की,” फकिरा म्हणाला. “झोपेत सुदिक पिळतो. ज्याला पिळायचं ठाऊक नाय तो कापतो.”

“झालं तुझं?”

“माझं झालं. तुमचं चालू द्या.”

मग हबीब आला. पडवीच्या दारात आवडाबाई उलथनं हातात घेऊन उभी होती. वर्कशॉपचा सगळा स्वयंपाक ती करायची. तिचा नवरा कडूबा सुभेदारांच्याच कंपनीतला लान्सनायक, दारूनंच गेला. त्याच्यानंतरच सुभेदारांनी ही संस्था काढली, आणि आवडाबाईला स्वयंपाकाला बोलावून घेतलं. भेटीला येणाऱ्या बायकांना ती दरवेळी एकच गोष्ट ऐकवायची: रडू द्या, शिव्या देऊ द्या, पाया पडू द्या, थेंब देऊ नका.

हबीबनं एकदा दाराकडं पाहिलं, मग बद्रीनाथकडं.

“नाय पिलो, हवालदार साब. अल्ला कसम.”

“अंगाला वास येतोय, हबीब.”

“असंल,” हबीब म्हणाला. “दोपहर का जेवण झालं, मग मी पान उचललं. बस. त्याच्यापुढं मला नका विचारू. तुम्ही समझदार हाय.”

एवढं बोलून त्यानं मान खाली घातली, आणि नंतर बद्रीनाथनं काहीही विचारलं तरी ती वर केली नाही. दारात आवडाबाई नव्हती. आत कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज आला.

बद्रीनाथला नाव मिळालं होतं. नुसतं नाव नाही, पुरावाही.

३

सकाळच्या हजेरीआधी त्यानं सुभेदारांना सगळं नीट लावून सांगितलं.

“अंगाला रमचा वास, तोंडाला नाही. मी जवळून घेतला. असं कधी होतं? तोंडाचा वास दाबलेला असेल तेव्हा. आणि तोच कबूल करतो, जेवणानंतर पान. साहेब, रम पिऊन वर पान चघळणं ही आपल्या लोकांची जुनी युक्ती आहे. मी शेकडो पकडलेत.”

“खाल्लं म्हणाला?”

“पानच म्हणाला.”

सुभेदार बराच वेळ जीपकडं बघत राहिले. जीप चकचकीत होती.

“रविवारी मुलीचा निकाह आहे,” ते म्हणाले.

“नियम तुमचाच आहे, साहेब.”

हे वाक्य बद्रीनाथनं सहज टाकलं. त्याला मामला सुटल्याचं समाधान होतं, आणि समाधानी माणसाची जीभ जरा जास्तच धारदार होते.

हबीबची पेटी गेटाबाहेर गेली. त्यानं हुज्जत घातली नाही. जाताना जीपची किल्ली खिळ्याला अडकवली आणि बद्रीनाथला सलाम केला. फौजी सलाम नव्हे, साधाच, कपाळाला हात लावून. आवडाबाई तोवर कामावर यायची होती. तिची खोली रुळांपलीकडं होती.

सुभेदारांनी सिल्लोडला फोन लावला. पलीकडं रईसाच होती. त्यांनी जे खरं वाटत होतं ते सरळ सांगितलं. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, “पोरगी काहीच बोलली नाही. थँक्यू म्हणाली.”

४

रविवारी सकाळी फकिरा बद्रीनाथला जबरदस्तीनं स्टेशनसमोरच्या टपरीवर घेऊन गेला.

“मसाला पान घ्या, हवालदार. बक्षीस. गुन्हेगार पकडला तुम्ही.”

“टोमणा मारू नकोस.”

“टोमणा कशाचा. मी तर शिकतोय.” फकिरानं पान गालात सरकवलं. “एक मात्र कळंना. हबीबभाईनं पान खाल्लं कसं? सुपारीचा कण जरी पोटात गेला तरी त्याला भोवळ येते. ईदला मी गमतीनं खाऊ घातलं होतं, तर बाजंवर आडवा झाला, तुमच्यासमोर. अख्ख्या वर्कशॉपला ठाऊक आहे.”

बद्रीनाथचा हात पानाच्या पुड्यावर तसाच राहिला.

हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानंच हबीबच्या तोंडावर पाणी मारलं होतं.

“तो स्वतः म्हणाला,” बद्रीनाथ सावकाश बोलू लागला. “जेवण झालं, मग मी पान…”

“खाल्लं?”

“…उचललं.”

टपरीवाल्यानं सुटे परत केले. ते घ्यायचं बद्रीनाथला सुचलं नाही.

पान खातात, लावतात, चघळतात. पान उचलत नाहीत. पान उचलतात ते जेवणाचं. वाढलेलं, उष्टं झालेलं. आणि त्या दिवशी अमावस्या होती. त्या दिवशी घराघरांतून एक पान वेगळं वाढून गच्चीवर जातं, आणि दुपार टळली की कुणीतरी ते उचलतं. गच्ची झाडायची पाळी हबीबची होती.

हेच वाक्य फकिराच्या तोंडून आलं असतं तर? बद्रीनाथनं स्वतःलाच विचारलं, आणि उत्तर काही त्याला आवडलं नाही. फकिरानं ‘पान उचललं’ म्हटलं असतं तर क्षणात समजलं असतं, पितरांचं पान. हबीबच्या तोंडात तो शब्द आला आणि बद्रीनाथच्या कानात विडा होऊन उतरला. हबीबनं मात्र हिंदू माणसाला हिंदूंचा शब्द हिंदूंच्याच अर्थानं सांगितला होता. ‘तुम्ही समझदार हाय,’ असंही म्हणाला होता.

“फकिरा,” तो म्हणाला, “पाणी घालून लेवल भरायचं सुचलं नाही. झाकण पिळायचं माहीत नाही. थोडीशीच काढली, वाटीभर. असं माणूस आपल्याकडं कोण आहे, ज्यानं जन्मात दारूची बाटली उघडली नाही?”

फकिरानं पान थुंकलं. त्याच्या तोंडावरची गंमत गेली.

५

आवडाबाई कणीक मळत होती. बद्रीनाथ उंबऱ्याशी बसला.

“वहिनी, अमावस्येला कडूबाभाऊंचं पान तुम्ही इथल्याच गच्चीवर ठेवलं ना?”

“दरसाल ठेवते. माझ्या खोलीवर पत्रा आहे, तो तापतो. कावळ्याचे पाय भाजतात.”

“काय काय वाढलं होतं?”

तिनं कणीक मळायची थांबवली नाही. “खीर. वडे. कढी. गवारीची भाजी.”

“आणि वाटीत?”

आता हात थांबले.

बद्रीनाथनं घाई केली नाही. तिनं परातीवर फडकं झाकलं, हात धुतले, पदराला पुसले, आणि मग त्याच्याकडं न बघता बोलली.

“शेवटाला मागितली होती त्यानं. दवाखान्यात. बोलता येत नव्हतं, बोटानं दाखवलं, घोटभर. मी म्हटलं, नाय. मेलास तरी नाय. मग मेलाच. तेव्हापासून कावळा शिवत नाय. दरसाल पान ठेवते, उन्हात उभी राहते, हात जोडते. सासूचं पान शिवतो, सासऱ्याचं शिवतो. ह्याचं नाय. बाजूला बसून बघतो नुसता. शेजारणी म्हणाल्या, त्याचा जीव कशात होता ते ठेव. मला ठाऊक होतं कशात होता. मीच ठेवत नव्हते.”

“यंदा ठेवलीत.”

“झाकण निघंना. विळीनं कापलं.” ती म्हणाली. “वाटी ठेवली आणि मागं वळले नाय तोच शिवला.”

वाटी कावळ्यानं कलंडवली असणार, हे बद्रीनाथला आपोआप दिसलं. भिजलेले वडे, रमनं ओलं झालेलं पान, आणि ते गुंडाळून उराशी धरून जिना उतरणारा हबीब. सदऱ्याला वास लागला तो तिथं.

“हबीबला कळलं होतं?”

“जिन्यात भेटला. वास घेतला, माझ्याकडं बघितलं. म्हणला, आमच्यात बी फातिहाला गेलेल्या अब्बांच्या नावानं हुक्का भरायची अम्मा. जाव, मैं फेक देता.” आवडाबाईनं पहिल्यांदा वर पाहिलं. “तुम्ही त्याला विचारलं तेव्हा मी दारात होते, भावजी. बोलायचं होतं. जगाला शिकवते मी, थेंब देऊ नका. तोंड उघडंना. म्हटलं, सकाळी साहेबांना एकटं गाठून सांगू. सकाळी आले तर पेटी गेलेली. मग एकेक दिवस…”

गेले दोन दिवस बद्रीनाथही याच चुलीवरचा चहा पीत होता, आणि तिचे सुजलेले डोळे त्यानं कांद्याच्या खात्यावर टाकले होते.

“निकाह कधी आहे?” सुभेदारांचा आवाज आला. ते कधीचे मागं उभे होते.

“दुपारच्या, जोहरच्या नमाजीनंतर,” बद्रीनाथ म्हणाला.

तिघांनीही भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

६

जीप सुभेदारांनी स्वतः चालवली. फुलंब्रीच्या पुढं रस्त्यात कापसाच्या गाड्या आडव्या, त्यात गिअर अडकत होता. हबीब असता तर अडकला नसता, हे तिघांच्याही मनात आलं.

सिल्लोडला मांडवात पोचले तेव्हा पंगती बसत होत्या. निकाह झाला होता. वली म्हणून जब्बार चाचा बसले होते. पाहुण्यांशी त्यांची गळाभेट चालली होती, आणि तोंडावर आनंदापेक्षा संकोचच जास्त होता.

रईसा आतल्या खोलीत होती. आवडाबाई बरोबर होती म्हणून बद्रीनाथला उंबऱ्यापर्यंत जाता आलं. त्यानं सगळं सांगितलं; पान, विळी, वाटी, आपलं नाक. स्वतःची बाजू सावरून घेता आली असती अशा दोन जागा गोष्टीत होत्या. त्या त्यानं सोडून दिल्या.

मेंदीचे हात मांडीवर ठेवून रईसानं ऐकून घेतलं.

“अब्बा आले होते, चाचा,” ती म्हणाली. “सकाळी. मांडवाच्या बाहेर उभे होते, इस्त्री केलेला सदरा घालून. जब्बार चाचा मला विचारायला आले. मी म्हटलं, सुभेदार साहेबांचा फोन आला होता. म्हटलं, त्यांना जायला सांगा. कुणी जवळ जाऊन बघितलं पण नाही, ते कसे आहेत. मी पण नाही.”

आवडाबाई तिच्यासमोर खाली बसली आणि तिच्या पायांना हात लावायला वाकली. रईसानं पाय मागं घेतले, तिचे हात धरले. “नको, मावशी. असं नका करू.” मग बद्रीनाथकडं वळून म्हणाली, “रुखसतीला, पाठवणीला, अजून वेळ आहे. त्यांना शोधून आणा. वली नाही तर नाही. डोक्यावर हात तर ठेवतील.”

हबीब शोधायला अवघड नव्हता. मांडवापासून बसस्टँड लांब नाही, आणि स्टँडमागच्या गल्लीत त्या दुकानाचा हिरवा पडदा लांबूनच दिसतो. तो दुकानाच्या पायरीवर बसला होता. इस्त्रीच्या सदऱ्याला पुढं डाग होता. पेटी शेजारी.

तिघं समोर येऊन उभे राहिले. हबीबनं एकेकाकडं पाहिलं. ओळखायला वेळ लागला.

“त्या दिवशी नव्हतो पिलो, हवालदार साब.”

“माहीत आहे, हबीब.”

“आज पिलो.” त्यानं मान हलवली. “आता बराबर झालं तुमचं.”

आवडाबाई पायरीवर टेकली, दारूच्या दुकानाच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत.

“भाऊ, मी तोंड उघडायला पाहिजे होतं.”

“भाभी, वो छोडो.” हबीबनं डोळे मिटले, उघडले. “शिवला का कावळा? मी गेलो तवा वाटी पालथी होती. कुत्र्यानं पाडली का कावळ्यानं, ते कळलं नाय मला. मग लई सोचत होतो.”

“शिवला.”

“चला,” हबीब म्हणाला. “कुणाचं तरी काम झालं.”

सुभेदारांनी त्याच्या काखेत हात घातला. “चल. रईसा बोलावतेय. तिला सगळं कळलंय.”

क्षणभर हबीबच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि मग त्यानं स्वतःच्या सदऱ्याकडं पाहिलं. हात सोडवून घेतला.

“नक्को. आज तिला कळलं का बाप पिला नव्हता. आजच्या आज मी तिथं असा जाऊ?” त्यानं बद्रीनाथचा दंड धरला; पकड घट्ट होती. “तुम्ही सांगा, सापडला नाय. तुमचं लोक मानतात. तुमच्या तोंडून झूठ निघत नाय, सगळ्यांना ठाऊक आहे.”

सुभेदारांनी त्याला जीपच्या मागच्या सीटवर झोपवलं. त्याची पेटी पायाशी ठेवली. नियमाचं कुणी काही बोललं नाही. आवडाबाई त्याच्या उशाशी बसली.

बद्रीनाथ एकटा मांडवाकडं चालत गेला. उभ्या नोकरीत त्यानं कितीकांना गजाआड धाडलं होतं, त्यातल्या एकाही रिपोर्टात एक अक्षर खोटं नव्हतं. काही अक्षरं चुकीची असतील, हे तीन दिवसांपूर्वी त्याला पटलं नसतं.

रुखसतीची गडबड चालली होती. रईसा दाराशी उभी होती, रस्त्याकडं तोंड करून.

“नाही सापडले, बेटा,” बद्रीनाथ म्हणाला. “स्टँड बघितलं, बाजार बघितला. पुढची गाडी धरून गेले असतील.”

रईसानं त्याच्याकडं पाहिलं. पाहत राहिली. मग आत वळून कुणाला तरी काही म्हणाली, आणि कापडात बांधलेला एक डबा घेऊन बाहेर आली. डबा तिनं दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिला.

“थंड होण्याआधी त्यांना द्या, चाचा,” ती म्हणाली.

कापडातूनही डबा चांगलाच गरम लागत होता. बद्रीनाथनं तो घेतला आणि वर न बघता निघाला.